वारतम मिस्त्रीचं टायमिंग

मध्य जावातल्या पुर्बालिंगाच्या ज्या गल्लीत वारतम जन्मला, तिथे कोंबडा आरवायच्या आधी हातोडा वाजतो. घरोघर पत्रा ठोकून मोटारसायकलींचे सायलेन्सर बनवतात. बाप ठोकत होता, चुलते ठोकत होते, वारतमही दहाव्या वर्षी ठोकायला बसला. पुढे त्याचं मन इंजिनात रमलं. भात कापून झालं की आमच्याकडे कोरड्या खाचरांत मोटारसायकलींच्या शर्यती लागतात. तीस वर्षं तो या शर्यतींत उघड्या नळकांड्यांशेजारी उकिडवा बसून पाने फिरवत राहिला. पन्नाशीच्या अलीकडे डावा कान गेला आणि दोन वर्षांत उजवाही त्याच्या मागोमाग गेला.

त्याचं त्याने कधी रडगाणं गायलं नाही. "कुणाचे गुडघे जातात, कुणाचे दात. माझे कान गेले," एवढंच म्हणायचा. समोरच्याच्या चेहऱ्यावर कीव दिसली की मात्र त्याचं डोकं फिरायचं. थोरल्या मुलाने सेमारांग शहरातून कानात घालायचं यंत्र पाठवलं होतं. शर्यतीच्या मैदानावर ते शिट्ट्या मारायला लागलं, तेव्हा वारतमने ते काढून साखरेच्या डब्यात टाकलं आणि ते तिथेच राहिलं. "मुंग्यांना तरी ऐकू येईल," त्याची बायको रुस्मी म्हणाली.

तो लोकांची तोंडं वाचायचा. माणूस समोर तोंड करून बोलत असला तर वारतमला बहिरा म्हणणं कठीण होतं. रुस्मीला हे पक्कं ठाऊक असल्यामुळे भांडणात हरायला लागली की ती सरळ पाठ फिरवायची.

आता कुणी विचारेल, बहिरा माणूस शर्यतीचं इंजिन कसं लावणार? आमच्याकडचे बाकीचे मिस्त्री कानाने लावतात हे खरं आहे. पिंजऱ्यातल्या गाणाऱ्या पाखराची पारख करावी तसे डोळे मिटतात, मान तिरकी करतात, मूठ पिळून इंजिन घुमवतात आणि मग म्हणतात, "हं, आता गोड झालं." वारतमचा या गोडव्यावर कान होते तेव्हाही विश्वास नव्हता. फोर-स्ट्रोक इंजिनाच्या डोक्यात कॅमचा दांडा असतो, त्याचे उंचवटे व्हॉल्व्ह दाबून उघडतात. पिस्टन नेमका कुठे असताना व्हॉल्व्ह उघडायचा आणि कुठे असताना मिटायचा, यालाच टायमिंग म्हणतात. ते पाच-सहा अंशांनी हललं की वाघाची शेळी होते. साखळीच्या चाकाचा एक दात सरकवावा तर वीस अंश जातात, म्हणून वारतमने चाकाची भोकं कानशीने घासून लांबट केली होती. मग बोल्ट ढिले करून चाक केसभरही फिरवता येई. आणि किती फिरलं ते सांगायला त्याच्याकडे बिस्किटाच्या डब्याचं झाकण होतं. त्याच्या कडेने त्याने तीनशेसाठ रेघा स्वतःच्या हाताने कोरल्या होत्या. हातच्या कांकणाला आरसा कशाला? काटा रेघेवर आला की आला.

गावच्या हाजी मुस्तोलिहच्या शर्यतीच्या गाडीचं इंजिन बारा वर्षं असं वारतमच्या हातात होतं. वाळूच्या खाणीवर पैसा करून हाजीने तो शर्यतीत उडवला आणि त्यात त्याला सुख होतं. गाडी चालवायचा गुफ्रोन, चोवीस वर्षांचा, अंगाने वेतासारखा आणि बोलायला कंजूस.

गेल्या महिन्यात घात झाला. सुरुवातीच्या रेषेवर गाडी उभी होती आणि इंजिनातून खडखड येत होती. कॅमची साखळी ताणून धरणारा दट्ट्या ढिला झाला होता. ती खडखड हाजीने ऐकली, गुफ्रोनने ऐकली, शेजारच्या संघाच्या मिस्त्र्याने ऐकली, पाच पावलांवर भजी तळणाऱ्या रुस्मीने ऐकली. वारतमने ऐकली नाही. दुसऱ्या फेरीत साखळी उडी मारून गेली, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळला आणि गुफ्रोन गाडीवरून भिरकावला गेला. कोपरं सोलली, त्यावरच निभावलं हे नशीब. इंजिनाचा मात्र चुराडा झाला.

सगळ्यांनी ऐकलं होतं हे वारतमला दुसऱ्या दिवशी कळलं, तेही रुस्मीकडून.

"तू पण ऐकलंस?" त्याने विचारलं.

"ऐकलं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. आणि चारचौघांत बायकोने मिस्त्र्याला सांगायचं, तुमचं इंजिन खडखडतंय? बरं दिसतं का ते?"

आमच्या बन्युमास मुलखातल्या माणसांच्या तोंडाला गाळणी नसते. शेजाऱ्याची सून जाड झाली तर आम्ही तिच्या तोंडावर सांगतो. पण जाणत्या माणसाच्या कामात रेषेवर उभं राहून खोट काढायची नाही, ही भीड आमच्यातही आहे. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. वारतम त्या दिवशी जेवला नाही. इंजिन फुटलं त्याचं दुःख होतंच, पण चाळीस माणसं आपल्याभोवती उभी होती आणि त्यातल्या एकालाही खांद्यावर हात ठेवावासा वाटला नाही, हे त्याला जिवाला लागलं.

"आयुष्यभर जिभा सोडून बोलता," तो रुस्मीला म्हणाला, "आणि नेमके त्या दिवशी सभ्य झालात."

रुस्मीने पाठ फिरवली नाही. 

महिन्याभरात इंजिन नव्याने भरून झालं. फक्त कॅमचं टायमिंग लावायचं राहिलं होतं, तेव्हा शर्यतीच्या आधीच्या गुरुवारी हाजी मुस्तोलिह वारतमच्या दुकानात आला. त्याच्याबरोबर पुर्वोकर्तो शहरातला दानार नावाचा मिस्त्री होता. वय तिशीचं, बूट पांढरे, हत्यारांची पेटी लाल.

"वारतम, इथून पुढे इंजिन दानार बघेल," हाजी तोंड नीट समोर करून, एकेक शब्द सुटा करून बोलला. लहान मुलाशी बोलतात तसा. "तू टायर बघ, चेन बघ. तुझा मान आहेच."

"टायर तर गुफ्रोनही बदलतो."

"लोक हसतात रे. म्हणतात, हाजीची गाडी बहिरा चालवतो."

"गाडी गुफ्रोन चालवतो. मी फक्त ती चालेल असं बघतो."

"ऐक माझं. रविवारी दानार लावेल तसं होऊ दे. पुढचं नंतर ठरवू."

पुढचं काय ठरणार ते वारतमला कळत होतं. ज्या मिस्त्र्याच्या हातून हाजीने इंजिन काढून घेतलं, त्याच्याकडे दुसरा कुणी गवत कापायचं यंत्रही दुरुस्तीला आणणार नाही. बारा वर्षांची पत एका रविवारवर येऊन टेकली होती.

दानारने काम तिथेच सुरू केलं. इंजिनाच्या दांड्याबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटवर कारखान्याने कोरलेली खूण असते. ती बाहेरच्या खाचेसमोर आली की पिस्टन अगदी वर आला असं धरायचं आणि त्यावर कॅमचं चाक बसवायचं, हे शाळेत शिकवल्यासारखं सगळ्यांना येतं. दानारने खूण जुळवली.

वारतम बघत उभा होता. गप्प बसणं सोपं होतं. एका मिस्त्र्याने दुसऱ्याला आपली गुपितं सांगायची नाहीत आणि दुसऱ्याने विचारायची नाहीत, असा आमच्याकडे रिवाजच आहे. तो चाळीस माणसांसारखा गप्प बसला असता तर त्याला कुणी बोल लावला नसता. पण त्या चाळिसांत आपली भर घालायची नाही, एवढं त्याचं ठरलेलं होतं.

"ती खूण खोटी आहे," तो म्हणाला. "ठिणगी लवकर पडावी म्हणून मी मॅग्नेटला दांड्यावर अडवणारी चावी घासून मॅग्नेट पुढे सरकवलाय. खूण समोर येते तेव्हा पिस्टन अजून वर पोचलेला नसतो. सहा अंश बाकी असतात."

दानार हसला. मान वळवून तो हाजीला काहीतरी बोलला आणि ते वारतमला वाचता आलं नाही.

"काय म्हणाला तो?"

हाजीने हात झटकला. "काही नाही. तो म्हणतो, मी कानाने तपासतोच आहे."

दानारने चाक घट्ट केलं, इंजिन सुरू केलं, डोळे मिटले, मान तिरकी केली. हाजीनेही मान तिरकी केली. दोघांचे चेहरे खुलले. वारतमने सिलिंडरच्या कवचावर तळहात ठेवून पाहिला आणि काढून घेतला. कानामागून आली आणि तिखट झाली, असं रुस्मी आतून म्हणाली. ते त्याला ऐकू जाणार नव्हतं, पण दानारला गेलं.

रविवारी मैदान नदीकाठच्या खाचरांत होतं. सूर्य वर येईपर्यंत धूळ उडायला लागली होती. रुस्मीने ताडपत्रीच्या कडेला आपली कढई मांडली, टेम्पेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्यांची भजी सोडली आणि कॉफीचं आधण ठेवलं. वारतम टायरमध्ये हवा भरत होता. बारा वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या नखांत काळं नव्हतं, आणि त्याला ते अश्लील वाटत होतं.

पहिली फेरी सुटली. गुफ्रोनची गाडी रेषेवरून अशी उसळली की हाजीने दोन्ही हात वर केले. पहिल्या वळणाला तो सगळ्यांच्या पुढे होता. मग नदीकडची लांब सरळ वाट आली आणि गाडी मध्यावरच दमली. मागचे एकेक करून तिला गाठत गेले, ओलांडत गेले. प्रत्येक चकरेत तेच. वळणातून बाहेर पडताना वाघ, वाटेच्या शेवटी शेळी. गुफ्रोन सातवा आला, अंतिम फेरीत जेमतेम शिरला.

"माती जड आहे," दानार म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडं. बाकीच्या सहा जणांची माती वेगळी होती असं नाही.

गुफ्रोन हेल्मेट काढून सरळ वारतमसमोर आला. हाजीच्या आणि दानारच्या मधून वाट काढून आला आणि तोंड समोर धरून बोलला.

"लिक वारतम, खालून ढकलतं, पण वर मरतं. श्वास पुरत नाही त्याला." लिक म्हणजे काका. महिन्यात एवढी वाक्यं तो कुणाशी बोलला नसेल.

"व्हॉल्व्ह लवकर उघडतोय आणि लवकर मिटतोय," वारतम म्हणाला. "सहा अंश. अंतिम फेरीला वेळ किती आहे?"

"सव्वा तास."

वारतम हाजीकडे वळला. "पाऊण तास द्या मला."

"वारतम, अख्खं मैदान बघतंय."

"बघू दे. गेल्या महिन्यातही बघत होतं."

हाजीने दानारकडे पाहिलं. दानार खांदे उडवून म्हणाला, "उघडायचं तर उघडू दे, पण मग पुढचं मला विचारू नका." हाजीने नुसती टोपी सारखी केली. नकार आला नाही हे धरून वारतम कामाला बसला.

टायमिंग मोजताना ताडपत्री खाली ओढायची असा नियम आहे. दुसऱ्या संघांच्या नजरा पडू नयेत, आकडे फुटू नयेत. एका पोराने सवयीने ताडपत्रीची दोरी सोडली.

"वर कर ती," वारतम म्हणाला. "रुस्मी, वर बांध. चारी बाजूंनी वर."

रुस्मी कढईवरून उठली, पिठाच्या हातांनीच तिने दोऱ्या आखडल्या. लोक जमले. शेजारच्या संघाचे मिस्त्री आधी चोरून बघत होते, मग उघड बघायला लागले. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता.

इंजिन तापलेलं होतं. वारतमने बोटांना चिंध्या गुंडाळल्या. प्लग काढला, त्या भोकात जुन्या प्लगमध्ये बोल्ट बसवून केलेला अडसर पिळला. मॅग्नेटच्या नटावर बिस्किटाच्या डब्याचं झाकण बसवलं आणि तारेचा काटा वाकवून रेघांशी आणला. पिस्टन अडसराला टेकेपर्यंत इंजिन हाताने पुढे फिरवलं, काटा वाचला. मग उलटं फिरवून दुसऱ्या बाजूने टेकवलं, पुन्हा वाचला. दोन्हीच्या बरोबर मध्ये पिस्टनचा खरा माथा. झाकण तिथे शून्यावर आणून त्याने अडसर काढला आणि कारखान्याची खूण खाचेसमोर आणून दाखवली. काटा शून्याच्या सहा रेघा अलीकडे होता.

"सहा," तो म्हणाला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. तो 'सहा' नदीपलीकडे गेला असेल.

दानार वाकून बघत होता. त्याने काटा पाहिला, खूण पाहिली आणि पहिल्यांदाच मान खाली घातली.

मग वारतमने व्हॉल्व्हच्या माथ्यावर डायलची सुई टेकवली. एक मिलिमीटर उघडला की वाचायचं, मिटताना एक मिलिमीटर उरला की पुन्हा वाचायचं. "अडतीस आधी. चोपन्न नंतर," त्याने सांगितलं, म्हणजे पिस्टन माथ्यावर यायच्या अडतीस अंश आधी उघडतो आणि तळ गाठल्यावर चोपन्न अंशांनी मिटतो. दोन बोल्ट ढिले केले, चाक लांबट भोकांत केसभर मागे घेतलं, आवळलं, पुन्हा मोजलं. पस्तीस, सत्तावन्न. पुन्हा ढिलं, पुन्हा केसभर. घाम डोळ्यांत उतरत होता, चिंधीतून बोटं भाजत होती आणि तो मोजत होता.

"बत्तीस आधी. साठ नंतर."

बारा वर्षं जो आकडा त्याने रुस्मीलाही सांगितला नव्हता, तो अख्ख्या मैदानाला ऐकवला. शेजारच्या एका मिस्त्र्याने सिगरेटच्या पाकिटावर लिहूनही घेतला. वारतमने ते पाहिलं. "नीट लिही," तो म्हणाला. "तुझा कॅम वेगळा आहे. हा आकडा घालशील तर फसशील. मोजायला शीक." तो माणूस ओशाळला आणि भोवतालचे हसले.

इंजिन सुरू झालं. हाजीने आपसूक दानारकडे पाहिलं. दानारने मान तिरकी केली.

"आवाज खरखरीत झालाय," तो म्हणाला. "आधी गोड होता. ऐकलं ते सांगतोय."

हाजी बावरला. "वारतम, तो म्हणतोय आवाज बिघडला."

"मी वाचलं ते. मोटारसायकल आहे ती, पिंजऱ्यातलं पाखरू नाही. खालच्या वेगात खरखरेलच. गोड पाहिजे असेल तर घरी न्या आणि ओसरीत लावून बसा."

"पुन्हा फुटलं तर?"

"तर मी उद्यापासून सायलेन्सर ठोकीन. पण बत्तीस आणि साठ खोटं बोलत नाही. मी मोजलंय, आणि या सगळ्यांनी मोजताना बघितलंय. तुमच्या कानांनी गेल्या महिन्यात काय केलं ते आठवा. कान तर तुम्हा सगळ्यांना होते."

 गुफ्रोनने हेल्मेट चढवलं, पट्टा ओढला आणि गाडीवर बसला. हाजीला विचारायलाही थांबला नाही.

अंतिम फेरी सुटली तेव्हा गाडी रेषेवरून सावकाश निघाली. पहिल्या वळणाला गुफ्रोन आठवा. हाजीने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. वारतमला ना इंजिन ऐकू येत होतं, ना लोक. त्याला फक्त धूळ दिसत होती आणि त्या धुळीच्या पुढे गुफ्रोनची पाठ. नदीकडच्या वाटेला गाडी लागली. मध्यावर आली, जिथे सकाळी दमत होती. दमली नाही. वाटेच्या टोकापर्यंत ओढत राहिली आणि तिथे एकाला मागे टाकून वळली. पुढच्या चकरेत आणखी दोघांना. वारतमचा अंगठा मुठीत इतका आवळला गेला होता की भाजलेली कातडी सोलून निघाली आणि त्याला ते कळलंही नाही.

गुफ्रोन दुसरा आला. पहिल्याचं इंजिन मोठं होतं, त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं.

हाजीने वारतमला मिठी मारली. हाजीला रडू फार लवकर येतं. डोळे पुसून झाल्यावर त्याने वारतमला ताडपत्रीच्या कोपऱ्यात घेतलं.

"इंजिन तुझंच. मी चुकलो. दानारही राहू दे, ऐकायला कुणी तरी लागतंच. फक्त एक कर. लोकांना सांगताना मुख्य मिस्त्री दानार आहे असं सांगू. आत काम तुझं. म्हणजे बहिरा-बिहिरा हा विषयच नको."

 वारतमला राग होता, पण त्याहून जास्त कंटाळा आला होता. एवढं होऊनही या माणसाला लाज वाटत होती, आणि ती वारतमच्या बहिरेपणाची होती.

"नाही," तो म्हणाला. "दानार राहील. त्याचे कान चांगले आहेत, आणि काटा बघून त्याने मान खाली घातली, म्हणजे माणूसही बरा आहे. पण मिस्त्री मी आहे. आणि लपवायचं काही नाही. लपवलं म्हणून तर मागचं इंजिन फुटलं."

"मग करायचं तरी काय?"

वारतमने ताडपत्रीच्या खांबाला टेकवलेली, संघाचं नाव लिहिलेली फळी उचलली आणि उलटी केली. मागची बाजू कोरी होती. रुस्मीचं अक्षर त्याच्यापेक्षा चांगलं होतं. त्याने तिला रंगाचा डबा दिला आणि काय लिहायचं ते सांगितलं.  ती कमरेच्या फडक्याला हात पुसून गुडघ्यावर बसली आणि एकेक अक्षर ठळक काढत गेली. लिहून झाल्यावर तिने फळी गर्दीकडे तोंड करून उभी केली.

'या गाडीचा मिस्त्री बहिरा आहे. इंजिनात आवाज आला तर समोर येऊन सांगा. भीड धराल तर गुफ्रोन मरेल.'

गुफ्रोनने ती वाचली आणि गाडीजवळ जाऊन उभा राहिला. दानारने वाचली. हाजीने दोनदा वाचली, आणि टोपी पुन्हा काढली.

"वारतम, ही फळी सगळ्या मैदानांवर लावायची? अरे, लोक हसतील."

"हसू देत की," वारतम म्हणाला. "मला कुठे ऐकू येतंय."